आठ किलोची आठ इंची दुर्बीण: वर्षभर वापरल्यावर

दादाची जुनी दुर्बीण साडेचोवीस किलोची होती. मी बनवलेली आठ किलो दोनशे ग्रॅम भरते. मुख्य आरसा तोच आहे, २०० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा, म्हणजे तेवढ्या अंतरावर तो प्रकाश एकत्र आणतो. दादाची दुर्बीण माझ्याकडे होती त्या वर्षी माझ्या वहीत नऊ रात्रींची नोंद आहे. गेल्या वर्षात एकसष्ट. आकाश तेच, डोळे तेच, पाठ मात्र आणखी एक वर्षाने जुनी.

मी कपडे शिवते. सदतीस वर्षं मशीनवर वाकून बसल्यावर कमरेचा एक मणका सरकला आणि डॉक्टरांनी पाच किलोच्या वर काहीही एकदम उचलायचं नाही असं बजावलं. दादाच्या दुर्बिणीचा नुसता खालचा डबाच अकरा किलोचा होता. तो विकतच्या दुर्बिणींत असतो तसा भुशाच्या दाबलेल्या फळीचा होता. दोन पावसाळे कोपऱ्यात काढल्यावर त्याच्या कडा भिजलेल्या बिस्किटासारख्या फुगल्या आणि एक दिवस स्क्रूच बाहेर आले. प्रकाश डोळ्याकडे वळवणारा छोटा दुय्यम आरसा त्यात पडून फुटला. मुख्य आरशाला ओरखडाही नव्हता. दादा म्हणाला, "तूच ठेव. तुला काही सुचलं तर बघ, नाहीतर देऊन टाक कुणाला."

मला आधी सुचलं ते चुकीचं होतं. वाटलं, लाकूड पातळ घ्यायचं, भोकं पाडायची, जमेल तेवढं काढून टाकायचं. सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचा एक डबा बनवलाही. चंद्र लावला, फोकस करायला हात लावला आणि चंद्र ताटातल्या पाण्यासारखा हलत राहिला. हात काढल्यावर मी मोजलं, सहा सेकंद. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा उरतो. हे गणित मला नंतर कळलं, पण शिवणातला नियम तर रोज हाताखाली असतो. ब्लाउज हलका करायचा म्हणून कुणी कापड विरळ घेत नाही. काखेत, गळ्याला, हुकाच्या पट्टीला दुहेरी टीप घालतात, अस्तर लावतात, आणि जिथे ताण नाही तिथे कापड मोकळं सोडतात. दुर्बिणीत ताण कुठे येतो ते शोधायचं ठरवलं, आणि दुसऱ्या खेपेला बारा मिलिमीटरचंच प्लायवूड घेतलं, पण निम्म्याहून कमी जागी.

लाकूड सगळं जुनं आहे. मोडीत निघालेल्या कपाटाचे दोन कप्पे आणि एक दार. कप्प्यांचं प्लाय इतकी वर्षं वाळून, बसून स्थिर झालेलं होतं. नव्या प्लायपेक्षा मला तेच बरं वाटतं, कारण जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं. आणखी एक कप्पा वाकडा निघाला, तो घेतला नाही. भंगारातली वस्तू फुकट असली तरी तिला सरळ कडेवर धरून एक डोळा मिटून बघितल्याशिवाय कापू नये.

या घडणीला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होण्यासाठी दाखल झाले. मठात राहूनच त्यांनी जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेतून बारा इंची आरसा घासून काढला. पुठ्ठ्याच्या नळ्या, टाकाऊ प्लाय, असंच सगळं सामान. आरसे आणि दुर्बिणी यांच्यातच जीव अडकलेला, म्हणून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. त्यानंतर ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवत राहिले, २०१४ मध्ये गेले तोवर लोकांना हेच सांगत राहिले. त्यांच्या दुर्बिणी भल्यामोठ्या आणि जड असत, पण दोन गोष्टी मी त्यांच्याकडूनच उचलल्या: लाकडी डबा आणि टेफ्लॉनवर घसरणारी हालचाल. चक्री नाही, बेअरिंग नाही.

आता दुर्बीण कशी आहे ते. आरशाचा डबा चौकोनी, उघडा, बारा मिलिमीटरचा. त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी अर्धवर्तुळं, ४२ सेंटीमीटर व्यासाची, ज्यांवर दुर्बीण वरखाली होते. वर एकच लाकडी कडं, पंचवीस मिलिमीटर रुंदीचं. त्यात दुय्यम आरसा आणि आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग. डबा आणि कडं यांच्यामध्ये पडद्याच्या सहा ॲल्युमिनियम नळ्या, सोळा मिलिमीटरच्या, तिरक्या. जोडणीची टोकं हातोडीने चपटी करून भोकं पाडली आणि पंखाचे नट लावले.

नळ्या तिरक्याच का, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. सरळ उभ्या चार नळ्या लावल्या की त्यांचा चौकोन होतो, आणि चौकोन उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडासारखा खेचला जातो. त्यात एक तिरकी नळी टाकली की त्रिकोण झाला, मग तो खेचला जात नाही. नळीवर वाकवणारा ताण येतच नाही, फक्त लांबीच्या दिशेने ओढ किंवा दाब. म्हणून पातळ नळीही पुरते. सहा नळ्यांचं वजन सातशे ग्रॅम आहे आणि वरचं कडं हाताने पिळून बघितलं तर लवभर हलत नाही.

नळ्या कापताना माया सोडली होती. हिशेबाने ८७ सेंटीमीटर येत होत्या, मी ९० ला कापल्या. पहिल्या रात्री चंद्र लावला आणि कडं किती खाली आणलं की प्रतिमा स्पष्ट होते ते नळीवर खुणावलं. अठरा मिलिमीटर जास्त होतं. दुसऱ्या दिवशी तेवढं कापलं. ज्यांनी हिशेबावर विसंबून आधीच आखूड कापल्या, त्यांना सहाच्या सहा नळ्या परत शोधाव्या लागतात. लांब कापलेलं कापता येतं, आखूड झालेलं वाढवता येत नाही, हे शिवणकाम करणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

सगळ्यात जास्त विचार मी वरच्या कड्याचा केला, आणि दुर्बीण चांगली झाली ती तिथे. दुर्बीण ज्या आसावर झुलते तो आरशापासून तीस सेंटीमीटर वर आहे. वरचं कडं आसापासून पाऊण मीटरवर, तर खाली वजन बांधायची जागा फक्त तेहेतीस सेंटीमीटरवर. म्हणजे वर शंभर ग्रॅम वाढले की तोल साधायला खाली सव्वादोनशे ग्रॅम बांधायचे. ते वाढले की डबा मजबूत हवा, डबा जड झाला की तळ मजबूत हवा. वर चढवलेला एकेक ग्रॅम असा खालपर्यंत व्याजासकट उतरतो. उलटंही तितकंच खरं: वर वाचवलेले शंभर ग्रॅम एकूण तिपटीने वाचतात. दादाच्या दुर्बिणीतला धातूचा फोकसर, म्हणजे आयपीस पुढेमागे करायची नळी, एकटा सहाशे ग्रॅमचा होता. मी तो ठेवला नाही. बेसिनच्या नळजोडणीतला आटे असलेला प्लॅस्टिकचा तुकडा घेतला, आट्यांवर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन पट्टी गुंडाळली, सव्वा इंची आयपीस त्यात अलगद बसतो. वजन सत्तर ग्रॅम. संपूर्ण वरचं कडं, आरसा आणि फोकसर धरून, साडेसातशे ग्रॅममध्ये झालं.

या फोकसरबद्दल माझी तक्रार मात्र आहे. फिरवताना आयपीसही फिरतो आणि किंचित डुलतो, त्यामुळे दोनशे पट मोठं करून बघताना ग्रह मधून सरकतो. थंडीत आटे घट्ट होतात. साध्या चांद्रदर्शनाला काही अडत नाही, पण गुरूवरच्या लाल डागाचं रेखाटन करायला बसले की चिडचिड होते. या एका भागाला मी पाचपैकी दोनच गुण देईन.

दुय्यम आरशाच्या बाबतीत माझं काटकसरीचं धोरण साफ फसलं. जुन्या फोटोकॉपी यंत्रात समोरून मुलामा दिलेल्या आरशाच्या पट्ट्या असतात. त्यातली चार सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापून लावली. फोकसच्या अलीकडे तारा उभा ताणलेला दिसायचा, पलीकडे आडवा, मध्ये कुठेच ठिपका नाही. ती काच अक्षरांचे फोटो काढायला पुरेशी सपाट असते, ताऱ्याला नाही. मग ४५ मिलिमीटरचा खरा लंबवर्तुळाकार आरसा विकत आणला. भंगारातून सगळं घ्यावं, ज्याच्यावर प्रकाश पडून डोळ्यात जातो ते सोडून. तो आरसा धरणारी चार पाती मात्र जुन्या हॅकसॉची आहेत.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती शोधायला तीन आठवडे लागले. मुख्य आरसा तीन टेकूंवर बसतो, केंद्रापासून चार सेंटीमीटरवर, म्हणजे त्रिज्येच्या चाळीस टक्क्यांवर; पंचवीस मिलिमीटर जाडीच्या काचेला तेवढे तीन पुरतात. खालून तीन बोल्ट, जुन्या प्रिंटरमधल्या स्प्रिंगा. आरसा पुढे पडू नये म्हणून वरून तीन चिमटे. मी शिवणातल्यासारखेच ते नीट बसवले, अंगाबरोबर. पहिल्या स्वच्छ रात्री अभिजित लावला आणि तारा तिकोनी दिसला. डोळे चोळले, आयपीस बदलला, आरसा धुतला. तिकोनीच. कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, परत परत केलं. एका रात्री गार पडत चाललं होतं आणि माझ्या लक्षात आलं की तिकोन वाढतोय. लाकूड आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. चिमटे काचेला तीन ठिकाणी चावत होते. काचेत एवढा दाब पुरे होतो, कारण प्रकाशाच्या लहरीच्या लहानशा हिश्शाएवढा वाकडेपणाही ताऱ्यात दिसतो. चिमटे सैल केले. आता काच आणि चिमटा यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे. त्याच रात्री अभिजितच्या शेजारचा एप्सिलॉन लायरे हा तारा बघितला. साध्या डोळ्याला एक, दुर्बिणीत दोन, आणि दोनशे पटीला त्या दोघांचेही दोन दोन, प्रत्येक जोडीत सव्वादोन-अडीच आर्कसेकंदांचं (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) अंतर आणि मध्ये काळं आकाश. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

तळाची गोष्ट. दुर्बीण आडवी फिरण्यासाठी आधी जुनी ग्रामोफोनची तबकडी वापरली. तीस सेंटीमीटर व्यास, वर बारीक रेषा, खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. घसरायची फार सुंदर. पण पाय आतच घ्यावे लागले आणि वाऱ्याच्या झोतात दुर्बीण एकदा कलली. मग कपाटाचं दार कापलं. त्यावर खरखरीत दाण्याचं सनमायका होतं, ते तसंच ठेवून ४२ सेंटीमीटरचं वर्तुळ काढलं. गुळगुळीत चकचकीत सनमायका घेऊ नका, त्यावर टेफ्लॉन आधी चिकटतं आणि मग एकदम सुटतं. तारा हवा तिथे थांबत नाही. खरखरीतवर सुरुवातीचा जोर आणि चालतानाचा जोर जवळजवळ सारखा लागतो, म्हणून बोटाने केसभर ढकललं तरी केसभरच सरकतं. टेफ्लॉनचे तीन तुकडे बरोबर तीन पायांच्या डोक्यावर आहेत. वजन तुकड्यातून सरळ पायात उतरतं, मधल्या फळीला वाकावं लागत नाही, म्हणून ती फळी मी पोखरून तीन हातांची केली. इथे नऊशे ग्रॅममध्ये काम झालं. हात लावल्यावरची थरथर आता दीड सेकंदात शमते.

कापडाचं काम अर्थात माझं. उघड्या नळ्यांमधून इकडचातिकडचा उजेड येतो, शिवाय आपल्याच श्वासाची गरम हवा प्रकाशाच्या वाटेत जाते, म्हणून काळा झगा लागतो. लायक्राचा शिवला, दीडशे ग्रॅम. पहिला झगा मधोमध आत बसायचा आणि आरशाच्या कडेचा प्रकाश खायचा. त्यावर भरतकामाची मोठी रिंग मध्ये घातली, वर्षानुवर्षं टेबलखाली पडलेली. बरोबर बसली. खालच्या कडेला नाडी, वर इलॅस्टिक. आतलं लाकूड काळ्या रंगात बारीक भुसा मिसळून रंगवलं आहे. भुशाने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि तिरका उजेड परतत नाही. बाहेरून नुसतं वार्निश, तीन हात, आणि प्लायच्या कापलेल्या कडांना चार. ओल शिरते ती कडांमधूनच.

आकाशात जागा शोधायचा शोधदर्शक म्हणजे मोडक्या ८×४० द्विनेत्रीची शाबूत अर्धी बाजू. कॉलिमेशनसाठी जुन्या फिल्मच्या रोलची डबी, बुडाला मधोमध बारीक भोक पाडलेली. ती सव्वा इंची नळीत जणू मापाची शिवलेली बसते. आरशामागे संगणकातला ८० मिलिमीटरचा पंखा, बारा व्होल्टचा असून पाचवर चालवते, त्यामुळे आवाज नाही आणि कंप नाही. आरसा पावणेदोन किलो काचेचा आहे, घरातून बाहेर आणल्यावर पंख्याशिवाय त्याला तास-सव्वातास लागायचा निवायला, आता अर्धा तास.

बांधणीला मला सहा मिनिटं लागतात. दोन फेऱ्या, एकात तळ, एकात आरशाचा डबा, दोन्ही पाच किलोच्या आत. नळ्या खांद्यावरच्या पिशवीत. नंतर कॉलिमेशनची तीन मिनिटं दर वेळी द्यावी लागतात, हे खरं; अखंड नळीच्या दुर्बिणीत एवढं करावं लागत नाही. आरसा एफ-सहाचा, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या सहापट, असल्यामुळे थोडी चूक चालून जाते, एफ-चारचा असता तर मी ही रचना सुचवली नसती. जोराचा वारा असेल तर ही दुर्बीण काढूच नका. आणि माथ्यावरच्या ताऱ्यांपाशी ती कोणत्याही डॉब्सोनियनसारखीच अडखळते, आडवं फिरवायला पकडच मिळत नाही.

दिसतं काय? आरसा तोच असल्यामुळे दादाच्या दुर्बिणीपेक्षा जास्त काही दिसणार नव्हतं, तरी दिसलं, कारण मी जास्त वेळ बघितलं. शौरीतला एम १३ हा ताऱ्यांचा गुच्छ एकशेवीस पटीला कडेपासून आतपर्यंत ताऱ्यांच्या कणांत सुटतो. मृगाच्या तेजोमेघातले चार तारे कोणत्याही रात्री, पाचवा शांत हवेत. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली आणि वर्षअखेरही कडी जवळजवळ कडेनेच दिसत होती. नोव्हेंबरच्या एका रात्री भाची आली होती. मी शनी लावून तिला बसवलं. "आत्या, याला कडी कुठेयत?" म्हणाली. थांब म्हटलं, नुसती बघत राहा. दोनशे पटीला शनी मिनिटभरात दृष्टीतून निघून जातो, मग पुन्हा बोटाने आणायचा. तिसऱ्यांदा आणल्यावर हवा क्षणभर शांत झाली आणि ती ओरडली, "सुई! बटणातून आरपार गेलीय!" तिने स्वतःच ढकलून तो परत आणला, मग परत. तासभर माझी पाळी आली नाही.

दादा दोन महिन्यांपूर्वी येऊन गेला. एका हाताने डबा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "हा माझाच आरसा ना?" म्हणाला. त्याला आता दहा इंची हवी आहे. मी सगळ्या भागांचे नमुने तपकिरी कागदावर कापून ठेवले होते, ब्लाउजचे ठेवते तसेच, त्यावर भोकांच्या खुणा आणि नळ्यांची लांबी लिहून. त्यातलं वरच्या कड्याचं वर्तुळ काढून आम्ही टेबलावर पसरलं आणि बाहेरच्या रेषेपासून अडीच सेंटीमीटर सोडून नवी रेष मारली. फोकसर त्याने दुसरा शोधायचा, एवढं बजावलं आहे.